बाळा घाडींची सातवी नस

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी बाळा घाडी यांच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग संपावर गेला. वडिलांची गिरणी संपात बुडाल्यापासून संप हा शब्दच घाडींना सहन होत नसे. पुढे चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या एका कारखान्यात ते निवृत्त होईपर्यंत सुपरवायझर होते, आणि त्यांच्या पाळीत कधी कुणी साधं कुरकुरलंही नाही, असं ते स्वतःच सांगत. आपण हुकूम द्यावा आणि समोरच्याने तो निमूट पाळावा, यापलीकडे जगाकडून त्यांची फारशी अपेक्षा नव्हती. त्यामुळे स्वतःच्याच गालाने असं काही करावं, हे आधी त्यांच्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते चहामुळे. पहिला घोट तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सरळ बनियनवर उतरला, तेव्हा त्यांनी कपाला दोष दिला. दुसरा घोटही त्याच वाटेने गेला, तेव्हा मालनला दिला. मालन ही त्यांची बायको, आणि इतक्या वर्षांच्या संसारात दोष घ्यायची तिला सवय झालेली होती. ती मुकाट्याने फडकं घेऊन आली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून जागीच थबकली.

“अहो, तुमचा तोंड असा वाकडा कित्याक झाला?”

माका काय एक झालेला नाय, असं घाडींना ठणकावायचं होतं. बाहेर आली ती बहुतेक हवाच. ओठांची डावी बाजू बोलत होती आणि उजवी नुसती लोंबत होती. मालनने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले आणि मुलाला, सुयोगला, हाका मारायला सुरुवात केली. सुयोग दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आला, बापाला बघून पांढरा पडला आणि लकवा, लकवा म्हणत फोन शोधू लागला. फोन त्याच्या हातातच होता.

घाबरली नाही ती फक्त किरण. किरण म्हणजे सुयोगची बायको. कांदिवलीच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. माहेर मुलुंडचं, आडनाव भालेराव, वडील मूळचे जालन्याकडचे, घर बौद्ध. हे सगळं घाडींना तीन वर्षांपूर्वी, लग्नाआधीच कळलं होतं आणि त्यांनी विरोध केला नव्हता. ‘मी विरोध केला नाही’ हे त्यांचं स्वतःबद्दलचं फार आवडतं वाक्य होतं. विरोध केला नाही म्हणजे काय, तर तिला कधी उलट शब्द बोलले नाहीत आणि सुलटही बोलले नाहीत. ती वाढायला आली की त्यांचं पोट आधीच भरलेलं असे. घरात सगळ्यांशी ते मालवणी बोलत, तिच्याशी मात्र बातम्या सांगणाऱ्यासारखी शुद्ध मराठी. तिचं नाव त्यांच्या तोंडी कधी यायचं नाही, ‘सुयोगची मंडळी’ यायची. आणि ती समोर आली की त्यांच्या कपाळावर आपोआप बारीक आठ्या पडत. आठ्यांवर माणसाचा काय ताबा, असं ते स्वतःची समजूत घालत.

किरण त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “बाबा, कपाळाला आठ्या घाला.”

घाडींनी घातल्या. डावीकडे पडल्या, उजवीकडे कपाळ कोऱ्या पाटीसारखं राहिलं. तीन वर्षं न सांगता पडणाऱ्या आठ्या आज सांगूनही अर्ध्याच पडत होत्या. मग तिने त्यांना डोळे मिटायला लावले. उजवा मिटेना. दोन्ही हात वर करायला सांगितले, ते नीट झाले. तिची बोटं दाबायला सांगितली, ती त्यांनी दाबली. अशा रीतीने घाडींनी सुनेचा हात पहिल्यांदा धरला, तोही तपासणीसाठी.

किरणने सुयोगला शांतपणे समजावलं. मेंदूत गडबड असती तर बहुधा कपाळ वाचलं असतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंनी हुकूम येतो. कपाळही गेलंय, हातपाय ठीक आहेत, म्हणजे मेंदू शाबूत असावा आणि चेहऱ्याची नस बिघडली असावी. तरी आपण डॉक्टर नाही, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्यायचं, असं म्हणून तिने रिक्षा बोलावली. ‘मेंदू शाबूत असावा’ यातला ‘असावा’ घाडींना आवडला नाही, पण तसं सांगायला तोंड चालत नव्हतं.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. मेंदूकडून चेहऱ्याकडे येणारी सातवी नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. ती सुजली की बोगद्यात चेंगरते आणि हुकूम मधेच अडकून पडतात. का सुजते ते नक्की सांगता येत नाही. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना डोळा चिकटपट्टीने बंद करायला सांगितला. स्नायू धडधाकट आहेत, डॉक्टर म्हणाले, त्यांना फक्त काही कळवलं जात नाहीये. घाडींना हे ऐकून भलतंच वाईट वाटलं. कामगार हजर, यंत्र चालू, आणि सुपरवायझरचा आवाजच पोचत नाही, यापेक्षा वाईट पाळी त्यांना माहीत नव्हती.

बातमी सेक्टरभर झाली. लकव्यावर फुगे फुगवायचे असतात, हे चारकोपात लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यामुळे जो येई तो फुगे घेऊन येई. दोन दिवसांत घाडींच्या घरात वाढदिवस असल्यासारखे फुगे साचले. कुणी वारं लागलं म्हणालं, कुणी एसी बाधला म्हणालं. घाडींकडे एसी नव्हता, पण वाद घालायची सोय राहिली नव्हती. किरण संध्याकाळी कामावरून आली, तिने सगळे फुगे गोळा केले आणि खाली खेळणाऱ्या मुलांना देऊन टाकले. नसेवर जबरदस्ती चालत नाही, ती मालनला म्हणाली. गाल फुगवून जोर लावला तर उद्या नस भलत्याच ठिकाणी जुळेल आणि हसायला गेलं की डोळा मिटेल.

तिसऱ्या दिवशी धोंडिराम आला. धोंडिराम घाडी हा वाकोल्याला राहणारा चुलतभाऊ, वयाने मोठा पण धाकट्या शाखेतला, आणि या अन्यायाचं दुःख तो जन्मभर उगाळत आला होता. त्याने घाडींचं तोंड सगळ्या बाजूंनी पाहिलं, जीभ टाळ्याला लावून चकचक केलं आणि मनापासून आनंदी आवाजात धीर दिला.

“तू आराम कर, बाळा. यंदाचा गाऱ्हाणा मी घालतंय.”

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने खड्या आवाजात मागितलेलं मागणं. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. घाडी घराण्याला गावात पिढ्यान्‌पिढ्या हा मान होता. गावचं घर बंद पडल्यापासून गणपती चारकोपला येत होता, त्याच्याबरोबर मानही आला होता आणि तो थोरल्या शाखेच्या बाळा घाडींचा होता. चतुर्थीला वाकोला, बोरिवली, विरार अशी कुठकुठली घाडी मंडळी त्यांच्या दीड खोलीत दाटीवाटीने उभी राहत, आणि ते मागत आणि सगळे व्हय म्हणत. निवृत्तीनंतर घाडींच्या शब्दाला इतके लोक एकाच वेळी व्हय म्हणतात अशी जगात ही एकच जागा उरली होती. तीही आता धोंडिराम बळकावणार होता.

या गाऱ्हाण्याची आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन राखण मागायची त्यात रीत होती. बायको मालन, मुलगा सुयोग, मुलगी दीप्ती, जावई हर्षद, नात ऋतिका, गावाकडे राहणारी शकु आत्या, सगळे त्यात होते. किरण नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला घाडींनी तिचं नाव घेतलं नाही आणि पुढेही घेतलं नाही. बौद्ध लोक देव मानत नाहीत, उगाच तिच्यावर आपलं लादायला नको, असा त्यांचा विचार होता. विचार इतका पुढारलेला होता की घाडींना स्वतःचं कौतुक वाटे. त्याच वर्षी सुयोगने नवी स्कूटर घेतली होती आणि तिची राखण मात्र मागितली गेली होती. स्कूटर देव मानते की नाही, याची चौकशी कुणी केली नव्हती.

धोंडिराम गेल्यावर घाडी न्हाणीघरात शिरले, कडी लावली आणि आरशासमोर ‘बा गणपती म्हाराजा’ म्हणायचा प्रयत्न केला. ‘बा’ निघेना. ब म्हणायला दोन्ही ओठ घट्ट मिटावे लागतात, हे त्यांना इतक्या वयात पहिल्यांदा कळलं. उजवीकडून हवा सुटायची आणि ‘बा’चा भलताच फुसका आवाज व्हायचा. ‘म्हाराजा’ची तर त्याहून वाईट गत. गाऱ्हाणं रचणाऱ्या पूर्वजांनी सगळी अक्षरं ओठांवरचीच का निवडली होती, कुणास ठाऊक. पाचसहा वेळा करून बघितल्यावर त्यांचा डावा गाल थरथरायला लागला आणि त्यांना रडू आलं. म्हणजे डाव्या डोळ्याला आलं. उजवा मिटत नसल्याने मंगळवारपासून तसाच गळत होता.

अडला हरी, असं म्हणतात, पुढचं लोक पूर्ण करतात. इथे ती म्हण लावायची तर किरणचा अपमान होईल, म्हणून लावत नाही. एवढंच सांगतो की घाडींनी मालनला तिच्याकडे पाठवलं. मालनने अडखळत विषय काढला. किरण हो म्हणाली, पण तिच्या अटी होत्या. रोज संध्याकाळी ती आल्यावर आरशासमोर बसायचं. जोर लावायचा नाही. ती थांबा म्हणाली की थांबायचं. कारखान्यात घाडींना अशा अटी घालायची कुणाची टाप नव्हती.

संध्याकाळ झाली की ती हात धुऊन त्यांच्या समोर बसायची आणि बोटांनी त्यांचा गाल हळूहळू वर सरकवायची, हनुवटीपासून कपाळापर्यंत. जिच्या हातचं पाणी पुढे आलं की त्यांची तहान पळायची, तिचे हात आता रोज त्यांच्या तोंडावरून फिरत होते आणि त्यांना बरं वाटत होतं. हे बरं वाटणं त्यांना फार त्रास देत होतं.

ती काम करता करता सांगत असे. बाकीचे स्नायू हाडाला जोडलेले असतात, ओझी उचलतात, चालवतात. चेहऱ्याचे बरेचसे कातडीला जोडलेले असतात. त्यांचं निम्मं काम म्हणजे आत काय चाललंय ते बाहेर दाखवणं. स्नायूला येऊन जाऊन एकच गोष्ट जमते, आखडणं. तो ओढू शकतो, ढकलू शकत नाही. आणि नस खरंच आतून तुटलेली असेल तर पुन्हा वाढते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. घाडींनी मनात हिशेब केला, सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइलसुद्धा याहून बरी सरकते.

“आता हसा,” ती म्हणाली.

घाडींनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. या मुलीकडे बघून ते कधी हसले नव्हते आणि आता हे औषध होतं. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. डावा कोपरा वर गेला, उजवा तिथेच राहिला. आरशातला म्हातारा कुणाची तरी टिंगल करत असल्यासारखा दिसत होता. किरणने बोटाने उजवा कोपरा अलगद वर धरला आणि पुन्हा हसायला सांगितलं. मुद्दाम आणलेलं हसू मेंदूच्या एका भागातून निघतं, ती म्हणाली, आणि आपोआप फुटणारं दुसऱ्याच भागातून, पण शेवटी दोघांनाही याच नसेवरून यावं लागतं. आपल्या दुसऱ्या रस्त्यावर गेली कैक वर्षं रहदारीच नव्हती, हे घाडींना नस बिघडायच्या आधीपासून माहीत होतं.

श्रावण लागला तशी कपाळावर पहिली बारीक सुरकुती हलली. मालनने त्या सुरकुतीसाठी साखर वाटली. मग पापणी अर्धी मिटायला लागली. ओठ मात्र अडून बसले. किरणने मग सरावाला नावं घेतली. मालनची ‘नालन’ व्हायची, दीप्तीचा प कुठेतरी गळायचा. जावयाचं नाव तेवढं पहिल्या दिवशीच स्वच्छ आलं. हर्षद म्हणायला ओठांचं कामच नाही, किरण म्हणाली. अशी आणखीही नावं असतात, असंही म्हणाली आणि पुढच्या नावाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणी नसताना घाडी आरशासमोर बसले आणि आणखी कुठलं नाव बिनओठांचं निघतं ते शोधू लागले. सुयोग जमेना, ऋतिका जमेना, शकु जमेना. मग सहज म्हणून त्यांनी म्हटलं, किरण. स्वच्छ आलं, रेडिओवर यावं तसं. त्यांनी पुन्हा म्हटलं. अख्ख्या घरातलं सगळ्यात सोपं नाव त्यांनी तीन वर्षं तोंडातून काढलं नव्हतं, आणि हे त्यांच्या ध्यानात तोंड बिघडल्यावर आलं. त्यांना ओशाळल्यासारखं झालं आणि त्यांनी आरसा उलटा करून ठेवला.

त्याच संध्याकाळी किरण म्हणाली की आता गाऱ्हाणंच म्हणू, तुकड्यातुकड्याने, मी म्हणते, मागोमाग तुम्ही म्हणा. आणि तिने सुरू केलं. “बा गणपती म्हाराजा, आज घाड्यांची सगळी माणसा तुझ्या पायाकडे उभी ऱ्हवली आसत.” एकही शब्द इकडचा तिकडे नाही, हेलसुद्धा घाडींचाच. कुठे शिकलीस, त्यांनी विचारलं. ऐकून ऐकून, ती म्हणाली. दरवर्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी असते ना.

ती म्हणत गेली, ते मागोमाग म्हणत गेले. नावांचा तुकडा आला. बायको मालन, मुलगो सुयोग, चेडू दीप्ती, जावई हर्षद, नात ऋतिका, शकु आत्या, स्कूटर. “सगळ्यांची राखण कर म्हाराजा,” असं म्हणून ती पुढच्या वाक्यावर गेलीसुद्धा. अडखळली नाही, आवाज बदलला नाही, त्यांच्याकडे रोखून पाहिलंही नाही. पाठ केलेला धडा जसा होता तसा तिने म्हटला होता. घाडी मात्र तिथेच अडकले. स्वतःच्या तोंडून इतकी वर्षं जे ऐकू आलं नव्हतं, ते तिच्या तोंडून ऐकू आलं.

“तू तुझं नाव घेतलं नाहीस,” ते म्हणाले.

“त्यात नाहीये ते. मी ऐकलं तसं पाठ केलं.”

घाडींनी घसा खाकरला आणि आपला पुढारलेला विचार मांडायला सुरुवात केली. तुम्ही लोक देव मानत नाही, मग आपण कशाला उगाच, वगैरे. तो आज त्यांना स्वतःलाच जरा लंगडा वाटला. किरणने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

“मी नाहीच मानत, बाबा. हातही जोडत नाही, तुम्ही बघता. देवाकडे मला काही मागायचं नाहीये. पण तुम्ही घरातली माणसं मोजता ना, तेव्हा मी दारात उभी असते. स्कूटर आली की मला कळतं, आता संपलं.” मग तिने त्यांचा गाल पुन्हा हातात घेतला आणि म्हणाली, “चला, परत. बा. ओठ मिटून.”

घाडींना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. लाज ही गोष्ट त्यांच्या ओळखीची नव्हती, त्यामुळे आधी त्यांनी तिला पित्त समजून जिऱ्याचं पाणी घेतलं. दोन दिवसांनी मनाशी ठरवलं की यंदा नाव घ्यायचं. पण कसं घ्यायचं तेही ठरवलं. सुयोग आणि दीप्तीच्या मधोमध, वेग न तोडता, अशा बेताने सरकवून द्यायचं की कुणाच्या लक्षातही येऊ नये. चूक सुधारायची पण चूक होती याचा पत्ता लागू द्यायचा नाही, ही सुपरवायझर लोकांची जुनी पद्धत आहे. सरावात मात्र ते नाव घेत नव्हते. तिच्यासमोर घेणं म्हणजे कबुली दिल्यासारखं होतं. ती जुनं गाऱ्हाणं म्हणायची, ते मागोमाग जुनंच म्हणायचे, रोज संध्याकाळी, चतुर्थी येईपर्यंत.

चतुर्थीला घर भरलं. धोंडिराम नवा सदरा घालून आला होता आणि त्याचा घसा आदल्या दिवसापासून तयार होता, हे त्याच्या खाकरण्यावरून कळत होतं. आरती झाली. घाडी पुढे आले. त्यांचं तोंड अजून जरासं डावीकडे ओढलेलं होतं आणि उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. विरारच्या मंडळींना ती भक्ती वाटली. किरण नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दारात, हात बांधून उभी होती.

“बा गणपती म्हाराजा,” घाडी म्हणाले, आणि ‘बा’ खणखणीत आला.

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. धोंडिरामचा चेहरा जरा उतरला.

पुढचं सुरळीत सुरू झालं. वाक्यामागून वाक्य निघत होतं, व्हय मागून व्हय येत होतं, आणि घाडींना आपला जुना रुबाब अंगात परत चढताना जाणवत होता. हालचाल पुरेशी घोटली की मेंदू तिच्यातून लक्ष काढून घेतो. सायकल चालवताना कोण पायांना विचारतो? घाडींच्या ओठांनीही त्यांना विचारलं नाही. बायको मालन, मुलगो सुयोग, चेडू दीप्ती, जावई हर्षद, नात ऋतिका, शकु आत्या, स्कूटर, सगळ्यांची राखण कर म्हाराजा. व्हय म्हाराजा. काय चुकला माकला आसात तर लेकरांचा म्हणान पोटात घाल म्हाराजा. व्हय म्हाराजा. शेवटचं वाक्य हवेत विरलं आणि मग घाडींना उमगलं की नाव राहिलं.

तिने शिकवल्याबरहुकूम, एकही चूक न करता, त्यांनी तिला वगळलं होतं.

लोक नमस्काराला वाकू लागले होते. आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. पुढच्या वर्षी घेऊ, कुणाला कळलंही नाही, असं घाडींना वाटून गेलं. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. किरण आत वळली होती, पानं घ्यायला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. काहीच नवीन घडलं नसल्यासारखी ती वळली होती, आणि तेच त्यांना सोसवलं नाही.

“थांबा,” घाडी म्हणाले. “एक नाव ऱ्हवला.”

वाकलेली माणसं अर्धवट वाकलेलीच राहिली. धोंडिराम पुढे सरसावला. एकदा संपलेल्या गाऱ्हाण्याक शेपूट लावूची रीत नाय, तो म्हणाला, झाला ता झाला. आजवर रीतीचा प्रश्न आला की घाडी नेहमी रीतीच्या बाजूने असत. त्यांनी धोंडिरामकडे न बघता गणपतीपुढे पुन्हा हात जोडले. सरकवून द्यायचं ठरवलेलं नाव आता उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, एकटं घ्यावं लागणार होतं.

“म्हाराजा, माझ्याकडसून एक नाव ऱ्हवला. तीन वर्सा ऱ्हवला. आमची सून. किरण. तिची राखण कर.”

व्हय म्हणायचं की नाही हे जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवत होता. घाडींना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मागणाऱ्याला व्हय मिळालं नाही तर तो किती एकटा उभा असतो. मग मागून मालनचा आवाज आला, बारीक पण ठाम, “व्हय म्हाराजा.” त्यापाठोपाठ सुयोगचा आला, मग दीप्तीचा, मग विरारवाल्यांनी एकदम सूर लावला. धोंडिराम नुसतं ‘व्हय’ म्हणाला आणि ‘म्हाराजा’ गिळून टाकलं. किरण पानांची चळत छातीशी धरून दारात उभी होती. तिने हात जोडले नाहीत. मग ती पानं मांडायला आली.

दिवसभर घाडी तिच्याकडून कशाची तरी वाट बघत होते. डोळे पुसणं, वाकून नमस्कार, निदान दोन शब्द. एवढं मोठं काम केल्यावर माणसाला पावती हवीशी वाटते. तिने त्यांच्या पानात मोदक वाढला, त्यांनी खाल्ला, तिने दुसरा वाढला, तोही खाल्ला. पाहुणे गेले. संध्याकाळी ती हात धुऊन, आरसा घेऊन, रोजच्यासारखी समोर येऊन बसली. सणाचीही सुट्टी नाही काय, घाडींनी विचारलं. नसेला सण नसतो, ती म्हणाली.

तिने त्यांच्या गालावर बोटं ठेवली आणि आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

“बाबा, एक विचारू? आज तोंड असं आहे, सगळे दया दाखवतायत, त्यात बोलून गेलात. पुढच्या वर्षी तोंड सरळ झालेलं असेल. तेव्हाही म्हणाल?”

घाडींना राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण आज दुपारपासून हाच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या मनात होता आणि त्यांनी तो मोदकाखाली दडपला होता. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. दिवसभर बोलून ओठ थकले होते. ‘म्हणेन’चं ‘न्हणेन’ झालं.

किरणने मान हलवली. हे चालणार नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“नीट नाही आलं,” ती म्हणाली. “ओठ मिटून. परत.”

घाडींनी ओठ मिटले. उजवी बाजू जरा मागे राहिली, त्यांनी तिची वाट बघितली आणि पुन्हा म्हटलं.